कर्ण्यामागची जागा

व्याख्यानाला गेलो की माझी नजर अजूनही आधी कोपऱ्यात जाते. व्यासपीठाच्या बाजूला, पडद्याच्या आडोशाला एक टेबल असतं, त्यावर अॅम्प्लिफायर असतो आणि त्यामागे एक माणूस. पहिल्या रांगेत कोण बसलंय, पाहुण्यांना शाल कोण देणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या माणसाचं नाव मात्र आभारप्रदर्शनाच्या शेवटी ‘ध्वनिव्यवस्था’ या एका शब्दात उरकतं, आणि तोवर निम्मे लोक चपला शोधायला गेलेले असतात. मी इतिहासाचा प्राध्यापक म्हणून तीस वर्षं नोकरी केली, बऱ्यापैकी भाषणं केली. ते सारं मी शिकलो ते या टेबलामागे, भिवंडीत, एका लाऊडस्पीकरवाल्याच्या हाताखाली.

आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. नाव लिहीत नाही. इतर मंडपवाले आपल्या कर्ण्यांवर लाल रंगात दुकानाचं नाव रंगवून घेत. चाचांचे कर्णे कोरे असत. “कर्ण्यावर नाव बोलणाऱ्याचं हवं, माझं कशाला?” असं म्हणत. ते कोकणी मुसलमान. घरात आमच्यासारखंच मराठी, फक्त हेल वेगळा. वाचायला उर्दू, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला जी लागेल ती भाषा. भिवंडीत ती कुठलीही लागू शकते. मागावर काम करायला आजमगड-मऊकडून आलेले अन्सारी, पद्मानगरातले तेलुगू पद्मशाली, आमच्यासारखे आळीतले मराठी, आसपासच्या गावांतले आगरी. चाचांच्या वहीत सगळ्यांची खाती होती. सत्यनारायण, बारसं, मुशायरा, निवडणुकीची सभा, उरूस, गणपती. वही उर्दूत, उजवीकडून डावीकडे, आणि आकडे मात्र आपले.

माझे वडील एका साईझिंगमध्ये हिशेब लिहीत. संध्याकाळी ते आमच्या आळीतल्या मंडळाचे चिटणीस. या मंडळाची व्याख्यानमाला दर हिवाळ्यात तीन दिवस चाले, शुक्रवार ते रविवार. आज ज्याला ‘वीकेंडचा फेस्टिव्हल’ म्हणतात ना, तेच. फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं आणि प्रायोजक नव्हता. शाळेचं पटांगण, सतरंज्या, पुढच्या दोन रांगांना लाकडी खुर्च्या, वक्त्याला एस.टी.चं भाडं, एक नारळ आणि कुणाच्या तरी घरी जेवण. विषय ठरलेले: एक दिवस इतिहास, एक दिवस राजकारण, एक दिवस साहित्य नाहीतर संगीत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या एका बीजाची रोपं महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यांत लागली. शेजारच्या कल्याणला सार्वजनिक वाचनालय 1864 पासून, ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. वडिलांना या दोन सालांचा फार हेवा वाटायचा. “खाडीपलीकडे हे सगळं आहे, आणि आपल्याकडे नुसता खडखडाट,” ते म्हणत.

खडखडाट म्हणजे मागांचा. ज्याने भिवंडीत रात्र काढली नाही त्याला हा आवाज सांगून कळायचा नाही. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो, आदळतो, परत येतो. असे शेकडो धोटे एका गल्लीत. आम्ही त्या आवाजात झोपायचो आणि वीज गेली की शांततेने जागे व्हायचो. या आवाजात व्याख्यान करायचं म्हणजे लाऊडस्पीकरवाल्याचं काम. कुठल्या गल्लीतला कारखाना रातपाळी करतो, कुठला मालक शुक्रवारी बंद ठेवतो, वारा कुठून आहे, हे बघून चाचा कर्ण्याचं तोंड फिरवत. आमच्या गल्लीत शुक्रवारी माग बंद असायचे, म्हणून मंडळ पहिल्या दिवशी आवाज बारीक असलेल्या वक्त्यांना बोलावत असे. शनिवारी नि रविवारी पुढारी आणि शाहिरी गळ्याची माणसं. पत्रिकेत हे कधी छापलं नाही, पण आमच्या व्याख्यानमालेचा क्रम चाचा आणि माग यांनी ठरवलेला होता.

चौदाव्या वर्षी, म्हणजे 1975 च्या सुमाराला, वडिलांनी मला चाचांच्या मदतीला दिलं. वायरीचं भेंडोळं उलगडायचं, बांबूला कर्णा बांधताना खालून शिडी धरायची, आणि कार्यक्रम चालू असताना टेबलामागे बसायचं. मला वाटलं होतं फुकट व्याख्यान ऐकायला मिळेल. ते मिळालंच, पण चाचांच्या टिपणीसकट. वक्ता माईककडे आला की तो कसा धरतो यावरून ते माणूस ओळखत. पुढारी माईकची मान पकडतो. कवी दोन पावलं मागे उभा राहतो, जणू माईक तापलाय. आणि प्राध्यापक माईकशीच बोलतो, लोकांशी नाही. “तू मोठा होऊन प्राध्यापक होणारेस,” ते मला म्हणाले, “तर माईकच्या वरून बघ. जाळीत काय आहे? जाळीत फक्त थुंकी आहे.”

त्यांचा अॅम्प्लिफायर आहुजा कंपनीचा होता, पण त्यांच्या मनात खरी इज्जत शिकागो रेडिओला. नाव शिकागोचं, कंपनी आपल्या मोटवान्यांची. काँग्रेसच्या सभांना हिंदुस्थानभर त्यांचे लाऊडस्पीकर असत. गांधी-नेहरूंचे जुने फोटो पाहा, माईकवर नावाची पट्टी दिसेल. चाचांनी तसा एक फोटो वर्तमानपत्रातून कापून दुकानात लावला होता. लोकांना वाटे नेहरूंचा आहे. तो माईकचा होता.

व्याख्यानमाला संपली की हिवाळ्यात मुशायरे असत, आणि चाचा मला तिकडेही घेऊन जात. पहिल्या मुशायऱ्यात मी घाबरलो. शायर अर्धी ओळ म्हणतो आणि हजार माणसं ओरडतात! मला वाटलं भांडण झालं. चाचा वायर गुंडाळता गुंडाळता काफिया म्हणजे काय, रदीफ म्हणजे काय ते समजावत. पहिली ओळ ऐकून लोक दुसरीचा अंदाज बांधतात, आणि अंदाज खरा ठरला तरी खूष, खोटा ठरला तर अधिक खूष. मग ते आमच्यावर घसरले. “तुमचे लोक व्याख्यान ऐकतात की सुतकात बसतात रे? तासभर बोलला तो माणूस. एकाने ‘वा’ म्हटलं नाही.” मी म्हटलं, आम्ही शेवटी टाळ्या वाजवतो. “मेल्यावर फुलं,” चाचा म्हणाले.

उर्दू अक्षरंही तेव्हाच शिकलो. कर्णे ठेवायच्या लाकडी खोक्याच्या झाकणावर ते खडूने काढून दाखवत. अलिफ म्हणजे उभा बांबू, बे म्हणजे पसरट बशी नि खाली एक शेंगदाणा. पुढे एम.ए.ला असताना मोडी शिकायची वेळ आली तेव्हा मास्तरांना नवल वाटलं की हा पोरगा परकी लिपी बघून बिचकत नाही. ते श्रेय खोक्याचं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. चाचांचा धंद्यात एक नियम होता. बोलणारा कुणीही असो, नावडत्या माणसाचा आवाज कमी करायचा नाही. पैसे पूर्ण घेतले ना, मग आवाज पूर्ण द्यायचा. 1983 च्या हिवाळ्यात एका सभेला (व्याख्यानमाला नव्हे, चौकातली सभा) आम्ही दोघं होतो. वक्ता बाहेरगावचा. दहा मिनिटांत तो असं बोलू लागला की माझे कान तापले. भिवंडीने 7 मे 1970 चा दिवस पाहिला होता. शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर गाव कसं पेटलं ते न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तपशिलात लिहून ठेवलंय. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि आमच्या माळ्यावर दोन रात्री काढल्याचं मला आठवतं. तसल्या गावात हा माणूस तसलं बोलत होता, आणि ज्यांच्याविषयी बोलत होता त्यांतला एक माझ्या शेजारी अॅम्प्लिफायरपाशी बसला होता. माझा हात बटणाकडे गेला. नुसता आवाज थोडा कमी केला असता, लोकांना वाटलं असतं व्होल्टेज पडलं. भिवंडीत व्होल्टेज पडायला कारण लागत नसे.

चाचांनी माझं मनगट धरलं.

“त्याचा आवाज सगळ्यांना नीट गेला पाहिजे,” ते हळूच म्हणाले. “नाहीतर उद्या म्हणेल, मी असं बोललोच नाही.”

तेव्हा मला हे पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलंय असं नाही. विष कर्ण्यातून गेलं तर अधिक लोकांपर्यंत जातं, हा साधा हिशेब आहे. पण इतिहासाचा अभ्यास म्हणजे काय, याचं याहून चांगलं उत्तर मला विद्यापीठातही कुणी दिलं नाही.

मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली, आणि या वेळी आग मुंबई-ठाण्यापर्यंत गेली. चाचांचं गोदाम जळालं. कर्णे वितळले नाहीत, ते काळे पडले आणि चेपले. अॅम्प्लिफायर गेले, वायरी गेल्या, वही गेली, माईकचा तो फोटो गेला. मी तेव्हा ठाण्याला राहून नोकरी शोधत होतो. संचारबंदी उठल्यावर मी घरी आलो, वडिलांना भेटलो आणि परत गेलो. चाचांकडे गेलो नाही. त्यांची गल्ली आमच्यापासून चालत सात मिनिटांवर. जून गेला, जुलै गेला. काय बोलायचं हे सुचत नव्हतं असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्या गल्लीत शिरायची मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाज वाटत होती.

व्याख्यानमाला त्या वर्षी होणार की नाही यावर मंडळाची बैठक झाली. व्हावी असं ठरलं, हे वडिलांचं कर्तृत्व. मग ध्वनिव्यवस्थेचा विषय निघाला. एक जण म्हणाला, यंदा कल्याणहून मागवू. कारण कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. मी तिथे होतो. चाचांकडे आता सामान कुठंय, असं मनाशी म्हणत मी गप्प राहिलो. सामान त्यांनी उसनं आणलं असतं. त्यांना ते कुठून मिळतं हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी माझंच भाषण होतं, आयुष्यातलं पहिलं. विषय अंजूरचे गंगाजी नाईक. अंजूर आमच्या तालुक्यातलं गाव. तिथल्या या माणसाने साष्टी-वसईतल्या लोकांचं गाऱ्हाणं पेशव्यांपर्यंत नेलं आणि पोर्तुगिजांविरुद्धच्या त्या मोहिमेसाठी वर्षानुवर्षं खटपट केली. 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली हे सर्वांना माहीत असतं, नाईकांचं नाव घ्यायचं राहून जातं. मी बोलायला उभा राहिलो तर शेवटच्या रांगेत, सतरंजीच्याही बाहेर, भिंतीला टेकून चाचा बसले होते. दहा वर्षांत मी त्यांना समोरून कधी पाहिलंच नव्हतं. समोरून ते लहान दिसत होते.

कल्याणच्या पोराने आवाज फार तीक्ष्ण ठेवला होता. प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजत होती, आणि माझ्या विषयात साष्टी, वसई आणि सुभेदार. लोक चुळबुळायला लागले. मी वर पाहिलं. चाचांनी उजवा हात उचलला आणि दोन बोटांनी हवेतलं एक बटण डावीकडे फिरवलं, जरासंच. मी भाषण थांबवलं, टेबलापाशी गेलो, त्या पोराला बाजूला व्हायला सांगितलं आणि बटण तेवढंच फिरवलं. परत येऊन माईकच्या वरून बघत बोलायला लागलो. मध्ये एकदा, नाईकांच्या खटपटीचा भाग आला तेव्हा, मागून मोठ्याने ‘वाह’ ऐकू आलं. मंडळाच्या इतिहासात ती पहिली दाद असावी. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं मागे वळून बघायला लागली.

कार्यक्रम संपल्यावर मी धावत मागे गेलो. माफी मागायची होती. त्यांनी तोंड उघडू दिलं नाही. “साल सांगितल्यावर थांबत जा,” ते म्हणाले. “साल कडक असतं. लोकांना चावायला वेळ लागतो.” एवढं बोलून ते निघून गेले. पुढच्या वर्षी मंडळाने त्यांना पुन्हा बोलावलं. ते आले, भाडं पूर्ण मागितलं, आणि ते आगाऊ घेतलं. त्याआधी त्यांनी कधीच आगाऊ घेतलं नव्हतं.

त्यानंतर काही वर्षांनी भिवंडीला सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या: दोन्हीकडची साधी माणसं, पोलीस चौकीत, नियमाने, एकत्र. डिसेंबर 1992 नंतर मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, यावर खोपड्यांनी पुढे पुस्तकच लिहिलं. आमच्या भागातल्या समितीच्या बैठकींना चाचा जात. तिथे ते माईक लावत नसत. “एवढ्या जवळ बसल्यावर माईक कशाला,” म्हणायचे.

मी भिवंडीचा इतिहास शोधू लागलो तेव्हा शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये घेतलेली कल्याण-भिवंडी सगळीकडे सापडत होती, त्यानंतर सरळ माग आणि दंगली. मधे जणू गावात कुणी काही बोललंच नाही. मग एका उर्दू पुस्तकात ‘भीमडी कॉन्फरन्स’ हे शब्द दिसले. आधी ओळखलंच नाही. भीमडी म्हणजे आम्ही! मे 1949 मध्ये अखिल भारतीय प्रगतिशील लेखक संघाचं अधिवेशन भिवंडीत झालं होतं. ज्या संघाच्या 1936 च्या लखनौ अधिवेशनाचे अध्यक्ष प्रेमचंद होते, तो संघ. संघावर कम्युनिस्टांचा प्रभाव होता. त्यांची तेव्हा धरपकड चालू होती, पक्षाची भूमिका सरचिटणीस बी. टी. रणदिव्यांच्या काळातली, म्हणजे कमालीची कडक. त्या अधिवेशनात संघाने 1936 चा जाहीरनामा बाजूला ठेवून नवा, जहाल जाहीरनामा केला. रामविलास शर्मा सरचिटणीस झाले. जे लेखक त्या चौकटीत बसेनात ते दुरावले. त्याच नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तानातल्या संघाने असाच पवित्रा घेऊन मंटोसारख्यांवर बहिष्कार टाकला. 1953 च्या दिल्ली अधिवेशनात इकडच्यांनी तो जाहीरनामा मागे घेतला. हिंदी-उर्दू साहित्याच्या इतिहासात आमच्या गावाचं नाव आहे ते असं: जिथे दार लावून घेतलं गेलं ते गाव. भिवंडीत मात्र हे कुणाला माहीत नव्हतं.

चाचांना विचारलं तर ते हसायला लागले. “मी होतो ना तिथे. पंधरा वर्षांचा होतो.” मुंबईहून लाऊडस्पीकर घेऊन आलेल्या माणसाने त्यांना बॅटरी राखायला बसवलं होतं. माईक त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिला, आणि धंदा तिथेच ठरला. मी वही-पेन काढलं. कोण आलं होतं? “मोठे मोठे लोक होते.” काय बोलले? “भांडत होते. चहा फार पीत होते. उकाडा होता.” आणखी? ते बराच वेळ आठवत राहिले. “एक जण बोलत होता, लोकांना आवडलं नाही, त्याला खाली बसवला. माझ्या शेजारच्या माणसाने त्याचा आवाज आधीच कमी केला होता.” तो कोण, काय बोलत होता, काही आठवत नव्हतं. अधिवेशनाची जागा त्यांनी मला दोनदा दाखवली, दोन्ही वेळा वेगळी.

पुराव्याच्या कसोटीवर ही साक्ष कवडीमोलाची आहे, हे मी विद्यार्थ्यांना सांगितलं असतं. मला ती पुरली. तो नियम कुठून आला ते मला कळलं.

जयपूरचा महोत्सव 2006 साली सुरू झाला आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी साहित्य ऐकायची नवी रीत रुळली. मी जातो, बोलावलं तर बोलतो. एका मंचावर चार जण, प्रत्येकाला आठ मिनिटं, सूत्रसंचालकाला वीस. कॉलरला टाचणीएवढा माईक, त्यामुळे धरायचा प्रश्नच नाही आणि माणूस ओळखायची सोयही गेली. कुरकुर करण्याचं माझं वय झालंय, पण चौघांपैकी कुणाचंही वाक्य दाद देण्याइतकं पूर्ण होत नाही, हे कुणीतरी बोललं पाहिजे. मुशायऱ्यांनाही आता रात्री दहाला थांबावं लागतं, लाऊडस्पीकरच्या नियमाने. पूर्वी फजरच्या अजानेपर्यंत चालत. चाचांनी हा नियम आला तेव्हा तक्रार केली नाही. “म्हातारा झालो, मलाही झोप येते.”

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दुकानात त्यांचा नातू मोबाईलची कव्हरं विकतो. चेपलेला एक कर्णा त्याने माळ्यावर ठेवलाय. मी मागितला, त्याने दिला नाही, आणि बरोबरच केलं.

1949 च्या त्या अधिवेशनावर मी लिहितो आहे. भिवंडीत, निजामपुऱ्यात, आसपासच्या गावांत कुणाच्या घरी त्या मे महिन्यातला एखादा फोटो, हँडबिल, मंडपाची पावती, कुणाला आलेलं पत्र असेल तर रद्दीत घालू नका. गावातल्या वाचनालयात द्या, नाहीतर मला कळवा. उर्दूत असलं तरी चालेल. मला वाचता येतं.